ओढण्याआधी सोडवायचं

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना सुटलेले एकदोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



संयोजकांनी मला सांगितलं, पंधरा मिनिटं बोल, पण दोन अटी आहेत. ऑफिसबद्दल बोलायचं नाही आणि मुलांच्या मार्कांबद्दल बोलायचं नाही. या दोन गोष्टी काढून घेतल्यावर आपल्या वयाच्या माणसाकडे बोलायला काय उरतं, तुम्हीच सांगा. काल रात्री जेवताना मी तीन-चार जणांना विचारलं. एकाने सांगितलं, गुडघेदुखीवर बोल. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

म्हणून मी आज ट्रकबद्दल बोलणार आहे. मोठ्या ट्रकबद्दल थोडं आणि छोट्या ट्रकबद्दल जास्त. छोटे दोन ट्रक सोबत आणलेत, ते मागे पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर ठेवलेत. काल संध्याकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं, "नातवाला आणलेस का गं?" नाही. माझेच आहेत. आणि मला अजून नातू नाही.

हे रिमोटवर चालणारे ट्रक आहेत, पण जत्रेत मिळतात तसले नव्हेत. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचे. आत खऱ्यासारखीच चासी, पुढे-मागे धुरा, मध्ये गिअरबॉक्स, त्यातून दोन्हीकडे जाणारे प्रोपेलर शाफ्ट, धुऱ्यात क्राउन-पिनियन. इंजिनाच्या जागी बॅटरीवरची मोटार. वजन पावणेतीन किलो. हे ट्रक वेगाने पळत नाहीत. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, मुळ्यांवरून माणसाच्या चालीने किंवा त्याहून हळू चढतात. आम्ही पाच-सात जण रविवारी पहाटे पुण्याबाहेर कुठेतरी ओढ्याकाठी जातो आणि दोन तास हे चालवतो. नवरा येत नाही. तो म्हणतो, मी घरी झोपून तुमच्या आनंदात सहभागी होतो.

या खेळात एक अलिखित नियम आहे. ट्रक अडकला, उलटला, बंद पडला तर त्याला हाताने उचलायचं नाही. दुसऱ्या ट्रकने दोरी लावून ओढून बाहेर काढायचं. खऱ्या रानात खरा ट्रक अडकला तर आभाळातून हात येऊन तो उचलत नाही, मग इथेही यायचा नाही. त्यामुळे सगळ्यांच्या ट्रकला पुढे-मागे हूक असतात, दोरी असते, कुणाकुणाला तर चालणारी छोटी विंचसुद्धा असते.

थोडक्यात, आम्ही टोचन करतो.

हा शब्द आपल्या गावच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. खंबाटकीच्या पायथ्याशी वाढलेल्या पोराने टोचन पाहिलं नाही असं होणारच नाही. आणि तुमच्यातल्या निम्म्यांना आठवत असेल, हायवेला लागून पत्र्याची शेड होती, समोर चिंच होती आणि शेडमध्ये कायम एखादा ट्रक पोट उघडून उभा असायचा. ते आमचं गॅरेज. म्हणजे अण्णांचं, माझ्या वडिलांचं. तुम्ही मला आठवीत काय नाव ठेवलं होतं तेही मला आठवतं. ते मी इथे सांगणार नाही, पण ग्रीसचा डाग साबणाने जात नाही, त्याला आधी रॉकेल लावावं लागतं, हे ज्ञान तुमच्यापैकी कुणालाच नव्हतं, एवढं नोंदवून ठेवते.

आता मुद्द्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीची.

आमच्या सोसायटीतला सहावीतला एक मुलगा आमच्याबरोबर यायला लागला. त्याने दोन वर्षं वाढदिवसाचे, दिवाळीचे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे साठवून एक जुना ट्रक घेतला होता. त्या दिवशी मुळशीच्या बाजूला एका कोरड्या ओढ्यात आम्ही होतो. त्याचा ट्रक ओढ्याच्या मध्यावर थांबला. रिमोट दाबला की पुढची चाकं डावी-उजवीकडे वळायची, पण गाडी पुढे सरकायची नाही. बॅटरी उतरली होती. या बॅटऱ्या ठरावीक पातळीच्या खाली उतरल्या तर कायमच्या खराब होतात, म्हणून मोटारीला वीज देणारा कंट्रोलर त्या पातळीला मोटारीची ताकद बंद करतो. बाकी सगळं चालू राहतं.

मी मोठ्या थाटात म्हटलं, "थांब, काकू काढते." माझा ट्रक पुढे लावला, दोरी बांधली आणि ओढायला लागले. ट्रक हलेना. माझी चाकं जागच्या जागी खडी उडवायला लागली. मला वाटलं, त्याचं चाक दगडात अडकलंय. मग मी तेच केलं जे खंबाटकीत अण्णा कुणाला करू द्यायचे नाहीत. दोरी सैल सोडली, ट्रक मागे घेतला आणि पळत जाऊन हिसका दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्या हिसक्याला त्याच्या ट्रकमधून कड् असा आवाज आला. आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात माझ्या ट्रकच्या बोनेटमधून धूर आला.

हिशेब असा झाला. माझी मोटार जळाली. त्याच्या गिअरबॉक्समधल्या मोठ्या प्लास्टिकच्या गिअरचे तीन दाते उडाले. तो काही बोलला नाही. रडलाही नाही. त्याने ट्रक उचलून छातीशी धरला आणि "असू दे काकू," म्हणाला. मला त्याने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आले. अण्णा तेव्हा आमच्याकडेच होते. त्या वेळी त्यांना पंचाहत्तरावं चालू होतं. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी दोन्ही ट्रक उघडले. ते चहा घेत बाजूला बसले होते. मी काय झालं ते सांगितलं. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली, वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणारी बाई. मोटारीचे ओहम मोजत होते, कंट्रोलरमध्ये बिघाड आहे का ते तपासत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"शाफ्ट सोडला होतास का?"

ज्यांच्या घरात ट्रक नव्हते त्यांच्यासाठी हे थोडं उलगडून सांगते.

घाटात ट्रक बंद पडला, त्याला टोचन लावून खाली किंवा वर न्यायचं, तर अण्णा आधी ट्रकखाली शिरायचे आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट काढून तो मोकळा करायचे. नाहीतर मागच्या चाकांच्या हबवरचे बोल्ट काढून धुऱ्याच्या आतले दोन्ही हाफ शाफ्ट ओढून बाहेर घ्यायचे. ट्रकचं वजन हबवर, बाहेरच्या नळीवर असतं, आतल्या शाफ्टवर नसतं, म्हणून तो काढला तरी ट्रक चाकांवर उभाच राहतो आणि चाकं मोकळी फिरतात. मग त्या भोकावर पत्रा आणि गोणपाट बांधायचं, तेल गळू नये आणि धूळ जाऊ नये म्हणून. काढलेले बोल्ट डालडाच्या डब्यात मोजून टाकायचे. ते मोजायचं काम माझं.

याला अर्धा-पाऊण तास लागायचा. ड्रायव्हर कावलेला असायचा, मागे गाड्यांची रांग, पाऊस. सगळे ओरडायचे, "अहो, न्यूट्रल टाकलाय ना, ओढा की!" अण्णा ऐकायचे नाहीत. त्यावरून त्यांच्याशी लोक भांडलेत. काही जण पुढच्या गॅरेजला गेलेत. मला लहानपणी वाटायचं, हे उगाच ताणतात.

त्यांचं म्हणणं असं होतं की न्यूट्रल म्हणजे सुटका नव्हे. न्यूट्रलमध्ये इंजिन सुटतं, गिअरबॉक्स सुटत नाही. ट्रक ओढला की चाकं फिरतात, चाकांनी क्राउन फिरतो, त्याने पिनियन, पिनियनने शाफ्ट, शाफ्टने गिअरबॉक्सचा मागचा दांडा. पण गिअरबॉक्समधलं तेल वर उडवणारे खालचे गिअर इंजिनाच्या बाजूने फिरतात, आणि इंजिन तर बंद. म्हणजे दांडा फिरतोय आणि त्याच्या बेअरिंगला तेल मिळत नाही. दोन किलोमीटरला काही होत नाही. साताऱ्यापर्यंत नेला तर एका बिघाडाचे दोन बिघाड होतात.

हे मी लहानपणी शंभर वेळा ऐकलं होतं. आणि ओढ्यात बंद पडलेल्या ट्रकला दोरी लावताना मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. कारण तो खेळ होता, आणि ते गॅरेज होतं. शाळेत शिकलेलं, घरी पाहिलेलं आणि नोकरीत वापरलेलं, या तिघांची आपल्या डोक्यात गाठच पडत नाही कधीकधी.

असो. "शाफ्ट सोडला होतास का" या प्रश्नानंतर मी काय केलं ते सांगते, कारण पुढची गंमत विज्ञानाच्या तासाची आहे आणि आपले सर समोर बसलेत.

माझ्या ट्रकमध्ये मोटारीपासून चाकापर्यंत गिअरचं प्रमाण छत्तीसास एक आहे. मोटार छत्तीस वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. चाकाचा व्यास १२ सेंटीमीटर, म्हणजे घेर साधारण ३८ सेंटीमीटर. ट्रक सेकंदाला एक मीटर या सावकाश चालीने ओढला तर चाक मिनिटाला १६० फेरे घेतं. आणि आतली मोटार? १६० गुणिले ३६, जवळजवळ ५,७०० फेरे. बंद पडलेला ट्रक आपण हळूहळू ओढतोय असं आपल्याला वाटतं. आत मोटार ५,७०० ने गरगर फिरवायचं काम ती दोरी करत असते.

आणि उलट्या बाजूने फिरवणं महाग असतं. जातं आठवा. खुंट्याला धरून फिरवलं तर फिरतं. मधल्या आसाजवळ बोटं लावून फिरवून बघा. गिअरबॉक्सचं तसंच आहे. मोटारीकडून चाकाकडे जाताना ताकद छत्तीसपट होते, म्हणून हा एवढासा ट्रक दगड चढतो. चाकाकडून मोटारीकडे जाताना मोटारीतला जरासा अडथळाही चाकापाशी छत्तीसपट होऊन भेटतो. मोटारीत चुंबक आहेत, आतला लोखंडी गाभा फिरताना प्रत्येक चुंबकापाशी थोडा अडतो. मोटारीचा दांडा बोटांनी फिरवून बघितलात तर टिक-टिक असा अडखळत फिरतो. ती टिकटिक छत्तीसपट करा, वर गिअरच्या दात्यांचं घर्षण मिळवा.

पण एवढ्याने चाकं जाम व्हायला नकोत. ती जाम झाली होती ती वेगळ्या कारणाने, आणि ते कारण तुम्ही सगळ्यांनी सायकलवर भोगलेलं आहे.

डायनॅमो! संध्याकाळी क्लासहून येताना डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं. दिवा लागायचा, पण पोटऱ्या भरून यायच्या. वीज फुकट मिळत नाही, ती पायातून येते. मोटार आणि डायनॅमो ही एकच वस्तू आहे, कोण कोणाला फिरवतंय एवढाच फरक. १८३१ मध्ये फॅरेडेने चुंबक आणि तारेतून वीज काढली, १८३४ मध्ये लेंझने सांगितलं की अशी निर्माण झालेली वीज नेहमी आपल्या जन्मालाच विरोध करते. फिरवाल तर ती फिरवू द्यायची नाही. आणि त्या विजेला वाट जितकी सोपी, तितका विरोध जास्त. मोटारीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या तर दांडा फिरवायला सगळ्यात जड जातो.

आता तो कंट्रोलर काय करतो ते बघा. दगड चढणाऱ्या ट्रकने रिमोट सोडल्यावर उतारावर घरंगळू नये, म्हणून रिमोट शून्यावर आला की कंट्रोलर मोटारीच्या दोन्ही तारा आतल्या आत जोडून टाकतो. याला ड्रॅग ब्रेक म्हणतात. अतिशय उपयोगी सोय आहे. त्या मुलाच्या ट्रकची बॅटरी उतरल्यावर कंट्रोलरने मोटारीला ताकद देणं बंद केलं, पण ब्रेक धरून ठेवला. तो इमानदार नोकर होता. मालकाने "थांब" सांगितलंय तर तो थांबला, आणि मी त्याला दोरी लावून फरफटवत होते.

मोठ्या ट्रकमध्येही आता हेच आहे. हवेवर चालणाऱ्या ब्रेकची हवा गेली की आतली जाड स्प्रिंग मागची चाकं आवळते. सुरक्षेसाठीच केलेलं आहे. पण ती स्प्रिंग मागे घेतल्याशिवाय टोचन लावलं तर रस्त्यावर टायरचे काळे पट्टे उमटतात.

आमच्या धंद्यातली एकच गोष्ट सांगते, अट थोडी मोडते. प्रोग्रॅम लिहिताना आपण समजतो की शून्य म्हणजे काही नाही. तसं नसतं. शून्य हीसुद्धा आज्ञा असते. "काही करू नकोस" आणि "जागचा हलू नकोस" यांत फरक आहे. त्या कंट्रोलरला शून्य म्हणजे "हलू नकोस". "मी सोडलं, आता तू मोकळा" असं सांगायला त्याच्याकडे बटणच नव्हतं. मोटारीच्या तारा हातानेच उपटायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाप-लेकीने हॉलच्या फरशीवर मोजमाप केलं. विमानतळावर जाताना बॅग तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो ट्रकला लावला आणि ट्रक सावकाश ओढला. अण्णा आकडे वाचत होते, मी वहीत लिहीत होते. पूर्वी उलटं असायचं.

ड्रॅग ब्रेक चालू असताना काटा दोन किलोच्या आसपास गेला आणि चाकं न फिरता घसरायला लागली. स्विच बंद करून ओढला तर सहाशे ग्रॅम. गंमत म्हणजे स्विच बंद असतानासुद्धा जरा जोरात ओढला की पुढचे दिवे मिणमिणायचे, चाकं जराशी थरथरायची, कारण मोटार आता डायनॅमो झाली होती आणि उलटी वीज सोडत होती. मग मोटारीचे दोन स्क्रू सैल करून ती अर्धा सेंटीमीटर मागे सरकवली, तिचा छोटा पिनियन मोठ्या गिअरपासून सुटला. अडीचशे ग्रॅम. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट काढले, दोनशेच्याही खाली. शेवटी चाकांचीच सोडवणूक केली. चाक ज्या षटकोनी चकतीवर बसतं तिच्यातून धुऱ्यात एक आरपार पिन असते, २ मिलिमीटरची. ती पिन काढली आणि नट किंचित सैल ठेवून चाक परत लावलं, तर चाक धुऱ्यावर नुसतं मोकळं फिरतं, आतलं काहीच फिरत नाही. दीडशे ग्रॅम, तोही रबराचा स्वतःचा अडथळा.

दोन किलोपासून दीडशे ग्रॅम. ट्रक तोच, फरशी तीच.

आणि आता ओढ्यात काय झालं त्याचा खुलासा. दोन ट्रक सारख्याच वजनाचे, सारख्याच टायरचे. माझ्या ट्रकची जमिनीवर जेवढी पकड, तेवढीच त्याच्या जाम चाकांची जमिनीवर पकड. म्हणजे ती सरळसरळ बरोबरीची रस्सीखेच होती. माझ्या मोटारीत कितीही ताकद असती तरी उपयोग नव्हता, ती फक्त जळू शकत होती, आणि जळाली.

तर मग हाताला ग्रीस न लावता ट्रक मोकळा करायचा कसा? यावर आम्ही वर्षभर बरंच काही करून पाहिलं. पहिली कल्पना, पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर ओढायचं, गावात नो-पार्किंगची गाडी उचलून नेतात तसं. करून पाहिलं. उचललेली पुढची चाकं हवेत गरागरा फिरायला लागली! कारण या ट्रकमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये एकमेकांना बांधलेले असतात. मागची चाकं फिरली की सगळं फिरतं. दुसरी कल्पना, सायकलसारखं फ्रीव्हील बसवायचं. एका दिशेने धरणारं बेअरिंग मिळतं. पण मग रिव्हर्स जात नाही आणि उतारावर मोटार धरत नाही. दगडात रिव्हर्स नसलेला ट्रक म्हणजे परतीच्या रस्त्याशिवायची वाट. तिसरी, ट्रेलर. सगळ्यात चोख. पण तो ओढ्यात घेऊन कोण उतरणार?

शेवटी मला पटलेले उपाय दोन. माझ्या ट्रकला दोन गिअर आहेत, हाय आणि लो, आणि ते बदलायला एक छोटी सर्वो मोटार आहे. रिमोटवर दोनच जागांचं बटण होतं. मी तीन जागांचं बटण नेमलं आणि मधल्या जागेला सर्वो बरोबर अधेमध्ये थांबेल असं बसवलं. झाला न्यूट्रल. मोटार सुटते, मोठा अडथळा जातो. दात्याला दाता घासत नाही ना, हे हाताने चाक फिरवून कानाने ऐकावं लागतं. दोन दिवस गेले त्यात. दुसरा उपाय त्या पिनचा. खिशात एक पाना, एक काडेपेटी. काडेपेटीत पिना. आठ मिनिटांत चारही चाकं मोकळी.

हा दुसरा उपाय काही माझा शोध नाही. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी महायुद्धातून उरलेल्या जीपसाठी असेच हब बनवायला सुरुवात केली. पुढच्या चाकाच्या मध्यावरची चकती फिरवली की चाक धुऱ्यापासून सुटायचं, म्हणजे साध्या रस्त्यावर पुढचा सगळा लवाजमा उगाच फिरवायला नको. आपल्याकडच्या मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकांवरही तशी चकती असायची. आपल्या वर्गात पोलीस खात्यातले दोघे आहेत, त्यांनी ती खाली उतरून चिखलात फिरवली असेल.

आता तुम्ही म्हणाल, बाई, खेळण्याचं पुराण पुरे झालं, आम्हाला याचा काय उपयोग?

उपयोग आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला आपल्या ग्रुपवर मेसेज आला होता, आठवतो? आपल्यातलाच एक जण घाटात अडकला होता. नवी इलेक्ट्रिक गाडी, बायको आणि आई बरोबर, गाडी बंद. एक भला टेम्पोवाला दोरी घेऊन तयार होता. त्याने विचारलं, टोचन लावू का? आणि चार मिनिटांत आपल्या ग्रुपवर नऊ जणांनी लिहिलं, "न्यूट्रल टाक आणि ओढ."

मी तेव्हा मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नको. चारही चाकं उचलून नेणारी गाडी बोलव." त्यावर काही हसरे चेहरे आले. कुणीतरी "मॅडम, पुस्तकी ज्ञान" असंही लिहिलं. मला राग आला नाही. कारण हेच मी त्या ओढ्यात केलं होतं.

पुस्तकी ज्ञान नव्हे, ते त्या मुलाच्या ट्रकचं ज्ञान होतं. इलेक्ट्रिक कारमध्ये बहुतेक वेळा चुंबकांचीच मोटार असते आणि ती गिअरने चाकांना कायमची जोडलेली असते. आपल्या जुन्या गाडीसारखं तिथे क्लच दाबून काही सुटत नाही. पडद्यावर "एन" दिसलं तरी चाकं फिरली की मोटार फिरते आणि वीज तयार करते, आणि बंद पडलेल्या गाडीत त्या विजेला सांभाळणारं कुणी जागं असेलच असं नाही. म्हणूनच इलेक्ट्रिक गाड्यांच्या पुस्तिकेत सहसा लिहिलेलं असतं की गाडी फ्लॅटबेडवरच न्या. पेट्रोलच्या ऑटोमॅटिक गाडीचं कारण अण्णांचं जुनंच, तिच्या गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर तेल बंद. घरी गेल्यावर आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतलं टोइंगचं पान एकदा उघडून वाचा. आज एवढं एक काम केलंत तरी माझं भाषण वसूल झालं.

त्या रात्री तो मित्र दोन तास थांबला. फ्लॅटबेड आली. आईंना थंडी वाजली, डास चावले, पण गाडीत दुसरा बिघाड झाला नाही. तो आता मागच्या रांगेत बसून मान हलवतोय.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. मी त्याच्याकडे गेले आणि त्याच्या आई-वडिलांसमोर सांगितलं की चूक माझी होती, त्याच्या ट्रकची नव्हती आणि त्याचीही नव्हती. त्याला वाटत होतं, आपण जुना माल घेतला म्हणून असं झालं. तो आठ दिवस तेच मनात धरून बसला होता. गिअर दीडशे रुपयांचा होता. पण चूक कुणाची हे आठ दिवस कुणी न सांगणं हे त्याला जास्त महागात पडलं होतं. अण्णांनी त्याला शेजारी बसवून तो गिअर त्याच्याच हाताने बसवून घेतला. स्क्रू काढताना डब्यात मोजून टाकायला लावले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "किती झाले? नीट मोज. परत लावताना एक उरला तर मग रात्रभर झोप लागत नाही."

अण्णा आता फारसे बाहेर पडत नाहीत. गॅरेज बंद होऊन बरीच वर्षं झाली, चिंच रस्ता रुंद करताना गेली. पण मला सांगायचं होतं की आठवीत ज्या ग्रीसची मला लाज वाटायची, शाळेच्या कोपऱ्यावर आले की मी हात दप्तराखाली लपवायचे, ते ग्रीस माझ्या पदवीच्या आधीची माझी शाळा होती. तेव्हा हे मला कळलं नाही आणि अण्णांना मी कधी बोलूनही दाखवलं नाही. बंद पडलेल्याला ओढायची सगळ्यांनाच घाई असते. आधी त्याच्याखाली शिरून त्याचं काय अडकलंय ते सोडवावं लागतं, आणि तेवढा वेळ मागच्यांच्या शिव्या खाव्या लागतात. हे अण्णांनी मला भाषण देऊन शिकवलं नाही. मला बोल्ट मोजायला लावले.

सर, तुम्ही नववीत सायकल वर्गात आणून डायनॅमो टेकवून दाखवला होता आणि शेवटच्या बाकावरच्या पोरांना पायडल मारायला लावलं होतं. त्या दिवशी मुलींना पायडल मारायला मिळालं नाही, वेळ संपला होता. म्हणून आज मी ती उधारी फेडून घेणार आहे.

मागच्या टेबलावर दोन ट्रक आहेत. लाल ट्रकचा स्विच चालू आहे आणि निळ्याच्या चाकांच्या पिना काढलेल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत एकेकाने या, दोन्ही हाताने ढकलून बघा. काटाही ठेवलाय, आकडे वहीत लिहा. मुलींनी आधी या.

आणि कृपा करून काडेपेटीला हात लावू नका. त्यात काड्या नाहीत, पिना आहेत. आठ आहेत. मी मोजल्यात.